मे महिन्यात नागपुरात चहा लवकर निवत का नाही?

गरम वस्तू किती वेगाने निवणार, हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला हा नियम आहे.

समजा चहा ८५ अंशांवर आहे. मे महिन्यात दुपारी हवा ४५ अंश, म्हणजे फरक ४०. जानेवारीत पहाटे हवा १० अंश, फरक ७५. मेमध्ये तो कप ६५ अंशांवर यायला दहा मिनिटं लागत असतील, तर जानेवारीत साडेचार मिनिटं पुरतात. फरक घटतो तसा वेगही मंदावतो: ४० चा २० व्हायला दहा मिनिटं, २० चा १० व्हायलाही दहाच. म्हणून पहिला घोट जीभ पोळतो आणि कोमट झालेला चहा मात्र बराच वेळ कोमटच राहतो.

घाई असेल तर सरळ बशीत ओता. पृष्ठभाग वाढतो, वाफ जास्त निघते आणि तीच बरीचशी उष्णता घेऊन जाते. हे बाष्पीभवन न्यूटनच्या नियमात धरलेलं नाही, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते फार प्रभावी ठरतं. चहा हवेपेक्षा थंड होणार नाही असं हा नियम सांगतो. माठातलं पाणी मात्र पाझरून, सुकून हवेपेक्षा कितीतरी गार होतं.