बहिणीचा हात थरथरतो, भावाला काहीच होत नाही

पत्र: माझ्या 19 वर्षांच्या मुलीचं अक्षर बिघडलं, हात थरथरू लागला, बोलणं अडखळू लागलं. विल्सनचा आजार निघाला, म्हणजे शरीरात तांबं साठतं. डॉक्टरांनी 13 वर्षांच्या मुलालाही तपासलं, त्यालाही तोच. पण तो दिवसभर क्रिकेट खेळतो, फक्त लिव्हरचे रिपोर्ट वाढलेत. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. त्या म्हणतात, धडधाकट पोराला गोळ्या कशाला? हे तुझ्या माहेरचं दुखणं. मुलगी विचारते, आजार एकच, मग मलाच का? — एक आई, सातारा जिल्हा

ताई,

गोळ्यांचं आधी. मुलाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. अन्नातलं जास्तीचं तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. तुमच्या मुलांच्या शरीरात हे काम नीट होत नाही, म्हणून तांबं आधी लिव्हरमध्ये साठतं, मग रक्तावाटे मेंदूत आणि डोळ्यांत जातं. मुलाचं लिव्हर आज ते सोसतंय, म्हणून तो धडधाकट दिसतो. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि लिव्हर अचानक निकामी झालं, असं घडतं. गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि पेनिसिलामाइन असो की झिंक, त्या जेवणापासून अंतर ठेवूनच घ्यायच्या.

मुलीच्या गोळ्या सुरू झाल्यावर थरथर वाढली, तर घाबरून बंद करू नका. पहिल्या काही आठवड्यांत काहींना तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आता तिचा प्रश्न. याच आजारात कुणाला कावीळ होते, कुणाच्या पोटात पाणी होतं, कुणाचा हात थरथरतो. कुणी चिडचिडं होतं, अभ्यासात मागे पडतं आणि आळशी म्हणून बोलणी खातं. (तिच्या बिघडलेल्या अक्षरावरून घरात कुणी बोललं असेल, तर तिची माफी मागा. मनापासून सांगते.) एकाच घरात, सारखाच जनुकीय दोष असूनही असं होतं. हुबेहूब जुळ्यांमध्येही आजार वेगवेगळा दिसल्याची नोंद आहे. असं का, याचं पूर्ण उत्तर डॉक्टरांकडेही नाही. तिने काही खाल्लं, काही चुकलं, म्हणून हे झालेलं नाही.

माहेरचा मुद्दा. हा आजार व्हायला दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून यावा लागतो. मग प्रत्येक मुलात शक्यता चारात एक. तुम्ही आत्याच्या घरी दिलेल्या. तुमचं माहेर ते आत्यांचंही माहेर. दोष बहुधा त्याच घरातून दोन वाटांनी आला, आणि नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही तो येतोच. आत्यांना हे शांतपणे सांगा, त्याही घाबरल्या असतील.

तांब्याच्या हंड्यातलं पाणी दोघांना देऊ नका. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी नको. काजू, चॉकलेट, अळंबी, कलेजी, खेकडे, तिसऱ्या निदान पहिलं वर्ष बंद. पण पथ्य गोळ्यांची जागा घेत नाही.

1912 साली लंडनच्या डॉ. विल्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा यावर औषधच नव्हतं. 1956 साली केंब्रिजच्या डॉ. वॉल्श यांनी पेनिसिलामाइन पुढे आणलं. आज वेळेवर गोळ्या घेणारी माणसं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. मुलीला सुधारायला महिने लागतील, कदाचित थोडी थरथर राहीलही. ते तिच्यापासून लपवू नका. स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी मात्र आत्ताच सुरू करा.

आणि मुलाला सांगा, ताईचा आजार कळला म्हणून तुझा इतक्या लवकर सापडला. ताईच्या देखत सांगा.