घरात केमो चालू आहे, मांजर ठेवायचं की नाही?

‘आईची केमो चालू आहे आणि ती मांजराला कुशीत घेऊन झोपते. नातेवाईक म्हणतात, आधी ते मांजर बाहेर काढा. काय करू?’

कॅन्सरच्या पेशंटांच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न मला वरचेवर येतो. कधी मांजराच्या जागी कुत्रा असतो, कधी आईच्या जागी नवरा. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असतेच, पण बहुतेकदा थोडा रागही असतो, आणि त्या रागाबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. म्हणून नुसतं ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ सांगून भागत नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका घराची हकीकत सांगते. घरच्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात सगळे त्यांना माई म्हणायचे, मीही तसंच म्हणते. निवृत्त शिक्षिका. सगळी नोकरी सरकारी मराठी प्राथमिक शाळांत झालेली. साठी उलटल्यावर पोट फुगायला लागलं, थोडं खाल्लं तरी गच्च वाटायचं. गॅस असेल म्हणून काही महिने ओवा-हिंग झाला आणि मग तपासणीत अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तिसऱ्या स्टेजचा. हा आजार पुष्कळदा असाच उशिरा सापडतो, कारण त्याची लक्षणं पोटाच्या साध्या तक्रारींसारखी दिसतात. ऑपरेशन झालं आणि दर एकवीस दिवसांनी बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, केमो सुरू झाली. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. लेक पुण्याला.

पावसाळ्यात एका केमोनंतर मंडळी घरी पोचली, मुलाने अंगणात गाडी बंद केली आणि बॉनेटमधून बारीक ओरडणं ऐकू आलं. पावसात मांजराची पिल्लं उबेसाठी इंजिनपाशी शिरून बसतात. हेही बांबोळीच्या पार्किंगमध्येच शिरलं असणार. बॅटरीच्या मागे हात घालून मुलाने ते ओढून काढलं: शेपटीचं टोक भाजलेलं, एक डोळा चिपडाने बंद, अंगाला ऑइल. माई येताना वाटभर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “तिला आत घ्या. थंडीने मरेल ती.” नातवाने त्याच संध्याकाळी नाव ठेवलं, सुंगट, म्हणजे कोळंबी.

माझ्याकडे आली ती लेक. चवथीला, म्हणजे गणपतीला, माहेरी आली होती, तेव्हा तिने हे सगळं पहिल्यांदा जवळून पाहिलं. तिच्या तीन तक्रारी होत्या. एक, आईच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही, मांजरामुळे इन्फेक्शन होईल. दोन, मावशी म्हणते, आजारी माणसाच्या उशाशी मांजर बसणं चांगलं लक्षण नाही. तिसरी तक्रार तिने उठता उठता सांगितली: “आई आमच्याशी हो-नाही एवढंच बोलते. मांजराशी मात्र तास तास बोलते.”

पहिल्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ती मी कधीच उडवून लावत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी झालेल्या असतात. अशा वेळी मांजराचा चावा किंवा खोल ओरखडा साधा राहत नाही. पिसवा झालेल्या पिल्लाच्या नखांतून बार्टोनेला नावाचा जंतू जाऊ शकतो, चाव्यातून दुसरे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, पण ताज्या विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा लगेच बाधत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजर ज्यात शी करतं तो मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ केला, आणि तो पेशंटने न करता दुसऱ्याने हातमोजे घालून केला, तर तो धोका फार कमी होतो. शिवाय टोक्सोप्लाझ्मा कच्च्या-अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. मांजर घराबाहेर काढलं आणि सलाड तसंच खाल्लं, तर काय साधलं?

माईंच्या डॉक्टरांना विचारून आम्ही घराचे नियम ठरवले. सुंगटला पशुवैद्यकाकडे नेलं. जंताचं औषध, पिसवांचं औषध, डोळ्यात थेंब, वयाप्रमाणे लसी, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. रेबीज नियंत्रणात आणणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून २०२१ मध्ये गोव्याची घोषणा झाली, त्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचा मोठा वाटा आहे. पण म्हणून घरच्या मांजराची लस चुकवायची नाही. मांजर घरातच राहणार, बाहेर शिकारीला जाणार नाही. तिला कच्ची मासळी नाही, काटे काढून उकडलेलीच. गाईचं दूधही नाही, कारण बहुतेक मांजरांना ते पचत नाही आणि हगवण लागते. नखं मुलगा कापणार. पेशी कमी असतात त्या आठवड्यात सुंगट मच्छरदाणीच्या बाहेर झोपणार. माईंनी तिला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, सलाइनची सुई टोचलेली जागा झाकायची. ओरखडा आलाच तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, की मांजर असो-नसो, रात्र असो-दिवस असो, थेट हॉस्पिटल.

मी मांजर हलवायलाही सांगते. बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं असेल, पेशंटला मांजराच्या केसांनी दमा उसळत असेल, मांजर चावरं असेल किंवा ट्रे साफ करायला घरात कोणीच नसेल, तर काही महिने तिला दुसऱ्या घरी ठेवावं. मात्र पेशंटला सांगून, त्याच्यासमोर, कुठे आहे ते दाखवून. पेशंट हॉस्पिटलात असताना मागच्या मागे मांजर मासळी बाजारात सोडून येणं मी कुणालाही सुचवणार नाही. घरी आलेल्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळते: आजारी पडल्यावर आपल्याला कोणी विचारत नाही.

मावशीच्या म्हणण्यावर मी एवढंच सांगितलं, की मांजर ऊब शोधतं. आजारी माणूस दिवसभर एका जागी पडून असतो, अंगावर पांघरूण असतं, कोणी हुसकावत नाही. मांजराला याहून चांगली जागा घरात मिळत नाही.

आता फायद्याचं. मांजराने कॅन्सर बरा होत नाही, गाठ लहान होत नाही. मांजराच्या घुरघुरण्याने हाडं जुळतात, पेशी वाढतात, असे मेसेज फिरतात. त्यावर भिस्त ठेवू नये. मनावरचा ताण मात्र हलका होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. ते विद्यार्थी धडधाकट होते, पेशंट नव्हते. माईंच्या घरात मी जे पाहिलं ते मला यापेक्षा जास्त सांगून गेलं.

केमोच्या एका औषधाने माईंच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. पॅक्लिटॅक्सेलने हे बऱ्याच जणांना होतं. ब्लाऊजची हुकं लागेनात, पेन धरवेना. आयुष्यभर फळ्यावर अक्षर गिरवलेल्या बाईला त्याचं फार लागलं होतं. मी घरी गेले तेव्हा त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या आणि सुंगट त्यांच्या तळहाताखाली पसरली होती. माई म्हणाल्या, “बोटांना केस कळत नाहीत हो. पण ही घुरघुरते ते तळव्याला कळतं. बघा.” त्यांनी माझा हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला. त्या आजारपणात त्यांनी मला आपणहून दाखवलेली ती पहिली गोष्ट. तोवर सगळे त्यांच्या शरीरातलं काय काय बिघडलंय तेच विचारत होते, मीसुद्धा.

दुसरी गोष्ट पेजेची. केमोमुळे तोंडाला धातूची चव यायची, मासळीचा वास आला की उमळायचं. घरात हुमण, म्हणजे माशांची आमटी, शिजायचं बंद झालं होतं आणि सकाळची पेजही माई दोन घोट घेऊन ठेवून द्यायच्या. पिल्लाला मात्र दिवसातून चार वेळा भरवायला हवं होतं. अकराच्या सुमारास सुंगट ओरडायला लागली की माई उठायच्या, भिंतीला धरून स्वयंपाकघरात यायच्या, सून बशीत मासळी कुस्करून द्यायची आणि त्या खाली पाटावर बसून तिचं खाणं होईपर्यंत थांबायच्या. सुनेने काही न बोलता त्यांच्या पुढ्यात पेजेची वाटी ठेवायला सुरुवात केली. ती रिकामी व्हायला लागली. आजारी माणसाच्या वाट्याला दिवसभर फक्त घेणं येतं: औषध घे, पाणी घे, हात धर. कुणाला तरी आपण भरवायचं आहे, आपण उठलो नाही तर एक जीव उपाशी राहील, हे माईंच्या आयुष्यात पुन्हा आलं होतं. घरच्यांना मी पहिल्यांदा समजावते ते हेच, कारण प्रेमापोटी आपण पेशंटच्या हातातलं एकेक काम काढून घेतो.

पण सुनेबद्दल बोलायलाच हवं. माईंना जो आधार मिळत होता, त्याचा ट्रे ती साफ करत होती. मासळी तीच उकडत होती, रात्री माईंना उलटी झाली तर तीच उठत होती, आणि लेकीच्या ‘मांजर कशाला ठेवलं’ या प्रश्नाचा रोखही तिच्याकडेच होता. तिला मी एकटीला भेटले तेव्हा ती म्हणाली, “मांजराचं काही नाही हो ताई. मला एकदा सलग झोपायचं आहे.” त्यानंतर ट्रे आणि पशुवैद्यक मुलाकडे गेले, नातवाकडे पाण्याची वाटी, आणि लेकीने रात्रीसाठी बाई ठेवण्याचा खर्च उचलला. प्राणी पेशंटचा असला तरी त्याचं काम कुणावर पडतंय, हे मी प्रत्येक घरात विचारते.

राहिली लेकीची तिसरी तक्रार. तिला मी सांगितलं, “आई मांजराशी काय बोलते ते दाराआड उभं राहून ऐकू नकोस. तिच्या शेजारी जाऊन बस आणि तूही सुंगटशीच बोल.” तिला ते विचित्र वाटलं, पण ती बसली. दोन दिवसांनी माई तिच्यासमोरच मांजराला म्हणाल्या, “हांव गेल्यार तुका कोण पळयतलें?” म्हणजे, मी गेल्यावर तुला कोण बघणार?

अशा वेळी घरचे लगेच ‘असं बोलू नये’ म्हणतात आणि दार बंद होतं. लेकीच्या ओठावर तेच आलं होतं, तिनेच मला सांगितलं. ते गिळून ती म्हणाली, “आई, तूच सांग, कोणी बघावं?” माईंनी सांगितलं. सुंगट मुलाकडे, नसबंदी वेळेवर करायची, मासळी जास्त द्यायची नाही. त्याच ओघात त्यांनी स्वतःचंही सांगून टाकलं: बरं व्हायची आशा उरली नाही तर आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको, माझ्या खोलीत ठेवा. इतके महिने हे विचारायला कुणाची जीभ रेटली नव्हती.

हे नुसतं बोलण्यावर ठेवू नका, असं मी त्यांना सुचवलं. असं वैद्यकीय इच्छापत्र करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून त्याची सुरुवात केली. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याचं नावही लिहायचं असतं. माईंनी सुनेचं लिहिलं.

लेक दुखावली. माईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “तू ‘अजून एकदा प्रयत्न करूया’ म्हणशील. ही माझं ऐकेल.”

केमो पूर्ण झाली, रिपोर्ट चांगले आले, आणि काही महिने माईंनी बरे काढले. मग आजार उलटला. शेवटच्या आठवड्यात श्वास लागायला लागला तेव्हा शेजारी, नातेवाईक सगळे हॉस्पिटलात हलवा म्हणत होते. सुनेने कागद काढून दाखवला, डॉक्टरांना फोन लावला, आणि त्रास कमी करणारी औषधं घरीच सुरू झाली. माईंनी आपल्या खोलीतच शेवटचा श्वास घेतला. बाराव्यानंतर पुण्याला परतताना लेक मला भेटायला आली आणि म्हणाली, “वहिनीचं नाव लिहिलं तेच बरं झालं. मी आईला गाडीत घातलं असतं.”