आधी प्रॉबॅबिलिटी, मग फायनान्स

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवाच मिळाली. एम.एस्सी. संपत आलीय, घरचे नोकरीचं विचारताहेत आणि तुझ्या डोक्यात मॅथेमॅटिकल फायनान्समधली, म्हणजे बाजारातल्या भावांच्या गणितातली, पीएच.डी. घोळतेय. "कर" किंवा "नको" असं एका ओळीत लिहिणं मला पटेना, म्हणून दोन दिवस घेतले.

आधी वही घे. एक शेअर आज 100 रुपयांना आहे. महिन्याने तो 120 तरी होईल, नाहीतर 90. व्याज शून्य धर. महिन्याने तो शेअर 100 रुपयांतच घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, आज केवढ्याला विकावा? भाव चढला तर त्या हक्काचे 20 रुपये होतात, उतरला तर काहीच नाही. आता 60 रुपये उसने घे, त्यात पदरचे थोडे घाल आणि दोन-तृतीयांश शेअर विकत घे. भाव 120 झाला तर तुझ्या हिश्शाचे 80; उधारी फेडून उरले 20. भाव 90 झाला तर 60. उधारी फेडून शून्य. ऑप्शन जे देतो तेच हुबेहूब मिळालं आणि पदरचे गेले 6 रुपये 67 पैसे. ऑप्शनचा भाव तोच.

शेअर चढण्याची शक्यता किती, हे आपण कुठेच विचारलं नाही. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी वही तशीच उघडी ठेवून कितीतरी वेळ बसून होतो. त्या आकड्यांतून शेअर चढण्याची एक वेगळीच शक्यता आपोआप बाहेर येते, 1/3. तिच्या हिशेबाने शेअरची सरासरी बरोबर 100 येते आणि ऑप्शनची 6.67. हॅरिसन-क्रेप्स यांनी 1979 मध्ये आणि हॅरिसन-प्लिस्का यांनी 1981 मध्ये ही गोष्ट मार्टिंगेलच्या, म्हणजे ज्याची पुढची सरासरी आजच्या किमतीइतकीच राहते अशा प्रक्रियेच्या, भाषेत नेली. तू जे शिकायला निघाली आहेस त्याचं बीज या एवढ्याशा हिशेबात आहे.

हे वाचताना "असं का होतं?" हा प्रश्न तुला छळत असेल, तर पुढे जा. "यातून पैसे कसे काढायचे?" हा प्रश्न आधी आला असेल, तर त्यातही काही गैर नाही, पण त्यासाठी आयुष्याची पाच वर्षं देऊ नकोस. फायनान्शियल इंजिनिअरिंगची मास्टर्स त्याच कामासाठी असते. मात्र तिची फी बहुधा आपल्यालाच भरावी लागते, तेव्हा कर्जाचा हिशेब नीट कर.

या विषयाचा जन्मच प्रॉबॅबिलिटीच्या घरी झाला. लुई बाशेलिए यांचा 1900 सालचा पॅरिसमधला प्रबंध शेअर बाजारावरचा, पण त्यात ब्राउनियन मोशनचं, म्हणजे कणांच्या सततच्या अनियमित हालचालीचं, गणित होतं, आइन्स्टाइनच्या 1905 च्या लेखाच्या पाच वर्षं आधी. परीक्षकांत थोर गणितज्ञ पॉइनकारे होते. म्हणून तुला सांगतो, मेझर थिअरी, म्हणजे प्रॉबॅबिलिटीचा गणिती पाया, पक्की कर, मग मार्टिंगेल, मग इटो यांचं अशा अनियमित हालचालींचं कॅल्क्युलस. बॅलन्स शीट वाचायला पुढे कधीही शिकता येतं. मेझर थिअरी कच्ची राहिली तर क्वालिफाइंग परीक्षेतच दम निघतो.

अर्ज करताना पदवीच्या नावावर जाऊ नकोस. हाच विषय कुठे गणित विभागात असतो, जसा कार्नेगी मेलनला, तर कुठे ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, जसा प्रिन्स्टनला. बिझनेस स्कूलमधली फायनान्सची पीएच.डी. वेगळी, तिथे अर्थशास्त्र आणि डेटा जास्त. इथेच राहायचं असेल तर नेट देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळव, महिना 37,000 मिळतात. आयसर पुणे, आयआयटी मुंबई, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) इथे कोण नेमकं काय करतंय ते त्यांचे पेपर उघडून बघ.

आणि गाईड. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. तिसऱ्या वर्षी माझे गाईड बँकेत निघून गेले. माझं अर्धं लिहिलेलं काम समजणारं विभागात दुसरं कुणी नव्हतं आणि मला विषय बदलावा लागला. दीड वर्ष गेलं. या क्षेत्रात बँका आणि हेज फंड चांगल्या माणसांना सतत बोलावत असतात, त्यामुळे हे कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. म्हणून ज्या विभागात या विषयाची किमान दोन-तीन माणसं आहेत तिथेच जा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना मेल कर आणि सरळ विचार: गाईड आठवड्याला भेटतात का, प्रबंधाला किती वर्षं लागली, आज काय करताय? तीन जणांना लिहिलंस तर एक तरी मनापासून उत्तर देतं.

तू विचारलंस, 1973 मध्ये ऑप्शनच्या भावाचं ब्लॅक-शोल्सचं सूत्र आलं, आता उरलंय काय? पुष्कळ. ते सूत्र व्होलॅटिलिटी, म्हणजे भावातल्या चढ-उतारांचं प्रमाण, स्थिर मानतं. 19 ऑक्टोबर 1987 ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, आणि तेव्हापासून निर्देशांकाच्या ऑप्शनचे भाव त्या गृहीतकाशी उघडपणे फटकून वागताहेत. ती फट भरायचं काम आजही चालू आहे.

उत्तर लगेच नको. त्याच वहीत 120 आणि 90 च्या मध्ये 100 ही तिसरी शक्यता घाल आणि शेअर नि उसन्या पैशांतून तोच ऑप्शन पुन्हा बनवून बघ. जमणार नाही. का जमत नाही आणि मग भाव काय लावायचा, यावर तुला सुचेल ते, चुकलं तरी चालेल, हाताने लिही आणि पानाचा फोटो पाठव.

तुझे सर