4 जीबी रॅम बसवली, तरी 32-बिट विंडोज 7 मध्ये 3.25 जीबीच वापरण्याजोगी का दाखवतं?
रॅम बहुधा ठीक आहे. 32-बिट विंडोज 7 एकूण 4 जीबीपर्यंतचेच पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) वापरतं आणि त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड वगैरेंना दिलेले असतात. तेवढी रॅम नुसती बसून राहते. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबवर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' असा करडा पट्टा दिसेल, तीच ती. पीएई (4 जीबीपलीकडचे पत्ते वापरू देणारी प्रोसेसरमधली सोय) वापरून 32-बिट लिनक्स 4 जीबीच्या पुढे जातं, पण विंडोज 7 च्या 32-बिट आवृत्त्यांवर मायक्रोसॉफ्टनेच मर्यादा घातलीय. तेव्हा 64-बिट विंडोज टाका, प्रोसेसरला चालत असेल तर. त्यावरही कमी दिसली तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या साधनामध्ये बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून 'मॅक्झिमम मेमरी'वरची टिक काढा. ऑनबोर्ड ग्राफिक्सचा वाटा मात्र तरीही कापला जाणारच.