राज्यपाल झालेल्या माणसाकडे पैसे अडकलेत? आधी पावतीवरची तारीख मोजा

सोलापूरकडच्या एका निवृत्त वाचकांचा मेल आलाय, पाच पानी. थोडक्यात असं की एका राजकारणी गृहस्थांच्या भागीदारी फर्मला त्यांनी एनए (बिगरशेती) प्लॉटसाठी 14 लाख दिले, 11 आरटीजीएसने आणि 3 रोख. 500 च्या स्टॅम्पवर विसार पावती झाली, 18 महिन्यांत खरेदीखत करून देऊ, नाही झालं तर रक्कम परत. खरेदीखत झालं नाही, रक्कम आली नाही, आणि मधल्या काळात ते गृहस्थ दुसऱ्या एका राज्याचे राज्यपाल झाले. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सच्या उताऱ्यावर ते अजूनही भागीदार दिसतायत. वाचकांचे प्रश्न चार: हा हितसंबंधांचा संघर्ष नाही का, त्यांना पदावरून काढता येईल का, 420 (जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम) लावता येईल का, आणि पैसे कधी मिळतील.

अशी पत्रं मला नेहमी येतात. नावं बदलतात, कधी महामंडळाचा अध्यक्ष असतो कधी मंत्री, पण गाडी तिथेच अडते, "तो आता मोठ्या पदावर गेला हो". आणि प्रत्येक पत्रात चार पानं संताप असतो आणि तारखा कुठेतरी कोपऱ्यात. तुमच्या मेलमध्ये पण तारीख चौथ्या पानावर सापडली, काका. पावतीवरचे 18 महिने 10 सप्टेंबरला संपले आणि त्याला येत्या 10 सप्टेंबरला तीन वर्षं होतायत. मेल तुम्ही पाठवलाय 18 ऑगस्टला. म्हणजे पैशांसाठी दावा लावायची मुदत संपायला 23 दिवस. बाकी सगळं नंतर.

कारण राज्यपालांवर वैयक्तिक व्यवहाराचा दिवाणी दावा लावायला बंदी नाहीये, लोकांना उगाच वाटतं की आहे. राज्यघटनेच्या कलम 361 चं चौथं उपकलम काढून वाचा. पदावर येण्याआधीचा व्यवहार असो की नंतरचा, दावा लावता येतो, फक्त आधी लेखी नोटीस द्यायची आणि ती पोचल्यावर पूर्ण दोन महिने थांबायचं. राष्ट्रपतींनाही हेच लागू आहे. आता 23 दिवस शिल्लक आणि दोन महिने थांबायचं हे गणित कसं बसणार? तुमच्या पुतण्याने (तो एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणता) सांगितलं की बसणार नाही, केस गेली. पुतण्याला मुदत कायद्याचं कलम 15(2) वाचायला सांगा. कायद्याने जिथे नोटीस सक्तीची आहे तिथे त्या नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात. म्हणजे तुमची मुदत 10 सप्टेंबरवरून 10 नोव्हेंबरला जाते, पण नोटीस 10 सप्टेंबरच्या आत पोचली तरच. 11 तारखेला पोचली तर मुदत संपल्यावर दिलेली नोटीस काही जिवंत करत नाही.

नुसतं "आत" म्हणून पण चालणार नाही. समजा नोटीस 25 ऑगस्टला पोचली, दोन महिने संपतात 25 ऑक्टोबरला, दावा लावायला तुम्हाला 26 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर असे सोळा दिवस मिळतात. तीच नोटीस आळस करून 9 सप्टेंबरला पोचवली तर हातात उरतो फक्त एक दिवस, 10 नोव्हेंबर. आणि हे दिवस कुठले आहेत बघा, दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर उघडेल त्या दिवशी दावा घेतात अशी तरतूद आहे, पण मी माझ्या पक्षकाराला त्या तरतुदीवर झोपू देत नाही. आणखी एक, सरकारला द्यायच्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 च्या नोटिशीचा काळ वगळायचा यावर निकाल भरपूर आहेत, 361 ला तेच तत्त्व लागावं असं माझं मत आहे, पण समोरचा वकील वाद घालणारच. त्यामुळे शेवटच्या दिवसावर जुगार नको.

नोटिशीत काय हवं ते घटनेनेच लिहून ठेवलंय: कारवाईचं स्वरूप, दाव्याचं कारण, तुमचं नाव, ओळख, राहायचं ठिकाण, आणि काय मागताय ते. तुम्ही त्यांच्या पीएला केलेले अकरा व्हॉट्सअॅप मेसेज मी वाचले. "साहेबांना आमची आठवण करून द्या" ही नोटीस नाही हो. राष्ट्रपती भवनाला पाठवलेला तक्रार अर्ज पण नाही, तो त्यांना पोचलेलाच नाही आणि त्यात रक्कम सुद्धा लिहिलेली नाही, अन्यायाबद्दल मात्र दीड पान आहे. आणि पीएने जे "बघतो काका, पुढच्या महिन्यात" लिहिलंय त्याने मुदत वाढत नाही. कर्जाची कबुली मुदत वाढवते, पण ती मुदतीच्या आत, लेखी आणि स्वतःच्या किंवा रीतसर अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीने हवी. पीएला तसा अधिकार होता हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार? त्याच्या डीपीवर साहेबांचा फोटो आहे म्हणून?

नोटीस राज्यपालांच्या कार्यालयात हाताने द्या, आवक शाखेत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिवाय स्पीड पोस्ट पोचपावतीसह. घटनेत "कार्यालयात ठेवली" तरी पुरतं असं आहे, म्हणजे त्यांनी स्वतः घेतली नाही म्हणून बिघडत नाही, पण शिक्का असलेला बरा. कलम 80 ची नोटीस देऊ नका, हा सरकारी कामाचा विषयच नाही, आणि मसुद्यात दोन्ही कलमं टाकायची काही वकिलांची सवय असते ती इथे गोंधळ करते.

आता दुसरं घड्याळ, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फर्ममध्ये दुसरे भागीदार आहेत, तुमच्या पावतीवर त्यांची पण सही आहे. ते राज्यपाल नाहीत, त्यांना 361 ची नोटीस लागत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दोन महिने वगळले जाण्याचा पण प्रश्न नाही. त्यांच्याविरुद्धची मुदत 10 सप्टेंबरलाच संपते! भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार असतो, पूर्ण 14 लाख तुम्ही एकाकडूनही मागू शकता. तेव्हा त्यांच्यावर 10 सप्टेंबरच्या आत दावा लावा, त्यांच्या नावाने. फर्मच्या नावाने लावला तर त्यात राज्यपाल पण येतात की नाही असा एक फाटा फुटतो, तो कशाला हवा.

मग राज्यपालांना नंतर त्याच दाव्यात जोडता येईल का? येतं, कायद्याने येतं. पण नव्याने जोडलेल्या प्रतिवादीपुरता दावा तो जोडला त्या दिवशी दाखल झाला असं धरतात, आणि आपल्याकडे पक्षकार जोडायच्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं यायला तीन तारखा, मग जज्जसाहेब रजेवर, मग बदली, आणि हुकूम होतो पुढच्या उन्हाळ्यात. तुमचा 10 नोव्हेंबर तोवर कधीच गेलेला. सद्भावनेने राहून गेलं असेल तर कोर्ट आधीची तारीख धरू शकतं, "शकतं". म्हणून मी म्हणेन राज्यपालांवर स्वतंत्र दावा लावा आणि नंतर दोन्ही एकत्र चालवायचा अर्ज द्या. कोर्ट फी दोनदा जाईल, माहितीये. तीन वर्षं स्वस्थ बसल्याची ती किंमत आहे.

पावतीच्या फोटोत मला दिसतंय की त्यांची सही दोनदा आहे, एक फर्मच्या गोल शिक्क्यावर "भागीदार" अशी आणि खाली डावीकडे एक बिनशिक्क्याची, नुसत्या नावाने. ती दुसरी सही जपा. उद्या ते म्हणाले की राज्यपाल होताना मी फर्ममधून निवृत्त झालो, तर आधीच्या देण्यातून सुटका तशीही होत नाही, तुम्ही मान्य केल्याशिवाय. आणि निवृत्तीची जाहीर नोटीस दिली नसेल, म्हणजे रजिस्ट्रारकडे, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या पेपरात, तर पुढच्या देण्यातूनही नाही.

3 लाख रोखीबद्दल: लपवू नका, पण तयार राहा. 2 लाख आणि वर रोख घेणाऱ्यावर आयकर कायद्यात दंड आहे, घेणाऱ्यावर, आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलंय की एवढी रोख दिल्याचा दावा आला की कोर्टाने आयकर खात्याला कळवायचं. तेव्हा ते 3 लाख तुमच्याकडे कुठून आले त्याचा कागद शोधून ठेवा.

चेकचं तर बोलायलाच नको. त्यांनी तुम्हाला परतफेडीचा चेक दिला होता आणि तुम्ही तो "साहेबांचा मान राखून" कपाटात ठेवला. चेक तीन महिने चालतो. तो बाउन्स झालाच नाही तर चेक बाउन्सचं कलम 138 कुठून येणार? कबुली म्हणून त्याचा काही उपयोग होतो का हे मूळ चेक बघून सांगता येईल, आत्ता नाही.

420 चं बोलायचं तर, कलम 361(2) प्रमाणे राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्ध कोर्टात फौजदारी कारवाई सुरू होत नाही आणि सुरू असलेली चालू राहत नाही. पण ते थांबणं आहे, माफी नाही. बाबरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2017 मध्ये बाकीच्या नेत्यांवर कटाचा आरोप पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल होते, त्यांना तेवढ्यापुरतं वगळलं. सप्टेंबर 2019 मध्ये पद सुटलं आणि त्याच महिन्यात त्यांच्यावर आरोप निश्चित झाले, पुढे 2020 मध्ये सगळ्यांबरोबर निर्दोष सुटले ते वेगळं. एफआयआर आणि तपास तरी आधी करता येतो का हा मुद्दा 2024 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर गेलाय, त्यावर आज मी छातीठोक काही सांगणार नाही. तुमच्या प्रकरणात फसवणुकीचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवायला लागेल, आणि नुसतं खरेदीखत झालं नाही एवढ्यावर ते होत नाही. घाई नाही, फसवणुकीच्या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत नसते.

राहिला तुमचा लाडका प्रश्न, हितसंबंधांचा. तुम्ही अडीच पानं त्यावर लिहिलीत. नैतिकदृष्ट्या तुमचं पटतं मला. कायद्यात मात्र राष्ट्रपती किंवा राज्यपालांसाठी "हितसंबंधांचा संघर्ष" नावाचं कलमच नाही. मंत्र्यांसाठी निदान आचारसंहिता आहे, तीत धंद्यातून बाजूला व्हा असं आहे, राज्यपालांना तीही लागू नाही. आहे काय तर कलम 158(2): राज्यपालांनी दुसरं लाभाचं पद धरायचं नाही. भागीदारी हे "पद" आहे का? माझ्या मते नाही, तो करार आहे. जर्मनीच्या घटनेत कलम 55 मध्ये राष्ट्रपतींना धंदा, पेशा आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसणं सरळ नाव घेऊन बंद केलंय, आपल्याकडे तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि तिथला 2012 चा प्रकार बघा, वुल्फ नावाचे राष्ट्रपती, सरकारी वकिलांनी संरक्षण काढा म्हणून मागणी केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा. शेवटी खटला उभा राहिला तो साधारण 700 युरोंच्या हॉटेल खर्चावर आणि त्यातून पण सुटले. आपल्याकडे 700 युरोवर ग्रामपंचायत सदस्य सुद्धा राजीनामा देत नाही.

गंमत अशी की आमदाराच्या लाभाच्या पदाचा वाद कलम 192 खाली राज्यपालच ठरवतात, निवडणूक आयोगाचं मत घेऊन. राज्यपालांच्या स्वतःच्या लाभाच्या पदाचा वाद कुणी ठरवायचा हे लिहिलेलंच नाही. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ते पदावर, एवढंच. राष्ट्रपतीपदाच्या बाबतीत वाट आहे पण अरुंद, निवडणूक याचिका फक्त उमेदवार किंवा किमान 20 मतदार, म्हणजे खासदार-आमदार, करू शकतात, तीही निकाल जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत. पी. ए. संगमा यांनी 2012 मध्ये प्रणव मुखर्जींविरुद्ध केली होती, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद लाभाचं आहे म्हणून, आणि तिथेही सगळी ओढाताण राजीनामा कधी दिला यावर होती. तीन विरुद्ध दोन अशी पूर्ण सुनावणीआधीच फेटाळली. तुम्ही हायकोर्टात जाऊन राज्यपालांच्या नेमणुकीला आव्हान देऊ शकता, कुणी अडवत नाही, पण 14 लाख त्यातून येणार नाहीत आणि 10 सप्टेंबर निघून जाईल.

पैसे कधी मिळतील हे कुणी वकील सांगत असेल तर त्याच्यापासून जपून राहा. दावा चालेल, राज्यपालांना स्वतः कोर्टात हजर राहण्यापासून दिवाणी प्रक्रिया संहितेत सूट आहे, त्यांची साक्ष कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत, घ्यायचा अर्ज येईल, त्यात वर्ष जाईल. एक शेवटचा दोर आहे, खरेदीदाराने आगाऊ दिलेल्या रकमेचा त्या मिळकतीवर बोजा राहतो आणि तो बजावायला 12 वर्षं मिळतात, पण त्यासाठी प्लॉट नंबर पावतीत नीट हवा आणि जमीन फर्मची हवी, आणि तुमच्या पावतीत गट नंबर खोडून वरती दुसरा लिहिलाय. तेव्हा त्या दोरावर वजन टाकू नका.

सोमवारी मूळ पावती, बँकेचं स्टेटमेंट, तो जुना चेक आणि रजिस्ट्रारचा उतारा घेऊन तुमच्या तिथल्या वकिलाकडे जा, नोटीस त्याच आठवड्यात निघाली पाहिजे. जाताना पुतण्याला न्या, त्याला राज्यपालांच्या कार्यालयाच्या आवक शाखेत पाठवता येईल. आणि मूळ पावती अजून लॅमिनेट केली नसेल तर कृपा करून करू नका.