पार्सरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये 'चॉइस' फसल्यावर मागे कसं यायचं?

देवगडच्या आंबा पेट्यांच्या हिशोबासाठी स्क्रिप्टिंग भाषा लिहिताय, तिचा पार्सर (मजकूर नियमांप्रमाणे वाचणारा भाग) सूचना चालवणाऱ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनवर चालतो आणि वाक्य वाचायचा एक पर्याय फसला की मशीन दुसरा नीट वाचत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. बहुधा 'चॉइस' (पर्याय तपासायला सुरुवात करणारी) सूचना फक्त दुसऱ्या पर्यायाचा पत्ता स्टॅकवर (परत येण्याच्या नोंदींच्या ढिगावर) ठेवतेय. तेव्हा कुठल्या टोकनवर (शब्दावर किंवा चिन्हावर) आहात, तो क्रमांकही ठेवा; मोजणी 0 पासून.

'पेटी * दर' घ्या. आधी 'नाव = किंमत' हा पर्याय तपासताना 'पेटी' जुळतं, पुढे '=' ऐवजी '*' येतं. आता 'फेल' झाल्यावर (पर्याय फसल्यावर) 0 क्रमांकावर परत यायला हवं. तुम्ही 1 वरच राहता, म्हणून 'पेटी' हरवते. मधल्या 'कॉल'चे (दुसरा नियम बोलावणाऱ्या सूचनांचे) परतीचे पत्तेही स्टॅकवरून तेव्हाच काढून टाका. लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेची एलपेग ही पार्सिंग लायब्ररी असंच करते, तिचा कोड जरूर वाचा.

आणि हो, डावं रिकर्जन (नियमाने सुरुवातीलाच स्वतःला बोलावणं) टाळा, 'अ + ब + क' सारखी बेरीज लूपने वाचा.