धुवायचं किती, वेगळं करायचं किती?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीनं दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे, चिप्सची पाकिटं साबणानं धुऊन, वाळवून द्यायचा फतवा काढलाय. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो आणि हे धुणं अर्थातच माझ्या वाट्याला. एवढं पाणी नि वेळ घालवून काही वाचतं का?
– एक वाचक, वाघोली, पुणे

उत्तर : वेगळं केल्यानं वाचतं, साबणानं फारसं नाही. माझ्या वडिलांचं भंगाराचं दुकान होतं, त्यामुळं मी कचऱ्याकडं तराजूच्या बाजूनं बघते.

पोचे आलेलं अ‍ॅल्युमिनिअमचं पातेलं कधीही कचऱ्यात टाकू नका. खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानानं जुना वितळवायला जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. रद्दी फक्त कोरडी हवी. तेलकट झाली की तिचा भाव गेला. दुधाच्या पिशवीला गिऱ्हाईक असतं. तिच्यात घोटभर पाणी फिरवून ते चहात ओतायचं, आपल्या आया करायच्या तसं. कोपरा कापून वेगळा पाडू नका, तो चिटुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. दह्याचा डबा भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळला की झालं.

चिप्सचं पाकीट मात्र कितीही चकाचक करा, भंगारवाला घेणार नाही. त्यात प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटलेला असतो, तो सुटा करणं परवडत नाही. गोळा झालीच, तर अशी पाकिटं बहुधा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. त्यासाठी टँकरचं पाणी? मुळीच नको.

तुम्ही विचारली नाहीत ती किंमत कचरावेचक बायका मोजतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था आहे. दारोदार गोळा केलेल्या सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांचे असतात. त्यात खरकटं कालवलं की माल पडेल भावात जातो आणि निवडताना हात त्यांचे बरबटतात. शिवाय पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलेली शहराच्या कचरा डेपोची दुर्गंधी मुख्यतः कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याची. म्हणून ओलं-सुकं वेगळं करायला टाळाटाळ नको.

पुढच्या मीटिंगला नियमातला ‘साबण’ तेवढा खोडायला लावा. आणि डबे विसळायची पाळी लावा. घरात बाकीच्यांनाही हात आहेतच.